गिअरबॉक्सचे तेलपाणी

मुंबईच्या मध्य रेल्वेवर विक्रोळी आणि भांडुप यांच्या मध्ये कांजूरमार्ग हे स्टेशन आहे. पूर्वेला मिठागरे आणि ठाण्याची खाडी. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग. जुनी माणसे याला आग्रा रोड म्हणत. या रस्त्याच्या कडेने, कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत, कारखान्यांची मोठी रांग उभी राहिली. विक्रोळीला गोदरेजचा कारखाना, कांजूरमार्गला क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जचा विजेच्या सामानाचा कारखाना, आणि आजूबाजूला लहानमोठी वर्कशॉपे. रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूर इकडची पुष्कळ माणसे इथे कामाला आली. काल बैलामागे चालणारा माणूस आज यंत्रापुढे उभा राहिला.

आता यांतले बरेच कारखाने उरले नाहीत. त्यांच्या जागी उंच इमारती झाल्या. पण यंत्रे गेली असे नाही. इमारत बांधताना काँक्रीट कालवणारे यंत्र असते. माल वाहून नेणारे पट्टे असतात. कचरा चाळणारी यंत्रे असतात. वर्कशॉपात डोक्यावरून फिरणारी क्रेन असते. गावाकडे साखर कारखाना असतो. या सगळ्यांत एक लोखंडी पेटी असते. तिला गिअरबॉक्स म्हणतात.

ही पेटी बाहेरून अगदी मुकी दिसते. काही हलत नाही, काही दिसत नाही. म्हणून तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. आणि एक दिवस ती मोडते. मग पट्टा थांबतो, पाळी थांबते, रोजावर असलेल्या माणसाचा रोजही थांबतो. नवा गिअरबॉक्स लाखांच्या घरात जाऊ शकतो. आत घालायचे तेल त्या मानाने अगदी स्वस्त असते. गिअरबॉक्स म्हातारा होऊन क्वचितच मरतो. बहुतेक वेळा तो तेलाच्या हयगयीने मरतो.

हे कसे, ते पाहू.

पेटीच्या आत काय आहे?

गुऱ्हाळावरचा जुना बैलाचा चरक पुष्कळांनी पाहिला असेल. लाटेला बैल जुंपलेला असतो. चरकाच्या माथ्यावर लोखंडी दातेरी चाके असतात. एका चाकाचे दात दुसऱ्याच्या दातांत अडकतात. बैल एक लाट फिरवतो आणि दातांमुळे बाकीच्या लाटाही फिरतात. विहिरीवरच्या रहाटगाडग्यालाही अशीच चाके असत, पण लाकडी. गिअरबॉक्समध्ये हीच दातेरी चाके असतात. फरक एवढाच, की ती पोलादाची असतात, बारीक घासून घडवलेली असतात, आणि झाकणाखाली तेलात बुडालेली असतात.

ती कशासाठी? विजेची मोटार फार जोरात फिरते. आपल्याकडची नेहमीची मोटार मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. पण मालाचा पट्टा इतक्या वेगाने फिरवला तर माल भिरकावला जाईल. आपल्याला फेरे कमी हवेत आणि जोर जास्त हवा.

आता एक सोपा हिशेब करा. मोटारीच्या दांड्यावर लहान चाक आहे. त्याला १५ दात आहेत. ते ज्या मोठ्या चाकाला फिरवते, त्याला ६० दात आहेत. लहान चाकाचे ४ फेरे झाले, की मोठ्याचा १ फेरा होतो. म्हणजे १४४० चे ३६० झाले. त्यापुढे अशीच आणखी एक जोडी लावली, तर ३६० चे ९० झाले. वेग १६ पट कमी झाला. आणि फिरवण्याचा जोर जवळजवळ १६ पट वाढला. ‘जवळजवळ’ म्हटले, कारण थोडा जोर घासण्यात जातो. त्या घासण्याची उष्णता होते.

तुम्ही ज्या लोकलने कांजूरमार्गला उतरता, तिच्या पोटाखालीही हेच चालले आहे. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली. तेव्हापासून लोकलच्या मोटारीवरचे लहान दातेरी चाक आसावरच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवत आले आहे. हजारो माणसांचा भार त्या थोड्या दातांवर असतो.

साखर कारखान्यात तर आणखी मौज आहे. ऊस पिळणारी लाट मिनिटाला चार-पाचच फेरे घेते. हत्तीसारखी डुलत फिरते. पण तिचा दाब केवढा! प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यानंतर महाराष्ट्रात गावोगाव असे कारखाने निघाले. हंगामात ते रात्रंदिवस चालतात. तिथला एक मोठा गिअरबॉक्स बसला, तर आवारात उसाच्या गाड्या तुंबतात. तोडलेला ऊस वाळतो, त्यातली साखर रोज घटते. नुकसान शेतकऱ्याचे होते, आणि त्याने तर तो गिअरबॉक्स कधी पाहिलेलाही नसतो.

तेल काय करते?

बैलगाडीला ओंगण घालायचे, हे कोणी शिकवावे लागत नाही. गाडीच्या खाली नळकांडे टांगलेले असते. त्यात एरंडेलात काळी राख कालवून केलेले वंगण असते. वंगण संपले, की चाक करकरते. बैल दमतो. तुंबा आणि आस झिजतो. गिअरबॉक्सची गोष्ट हीच आहे. पण त्यात एक अडचण आहे. गाडी करकरली की लगेच ऐकू येते. गिअरबॉक्स करकरला असे ऐकू येईपर्यंत आतले दात खाल्ले गेलेले असतात.

लोखंडाचा दात कितीही गुळगुळीत दिसला, तरी भिंगातून पाहिले तर तो डोंगरदऱ्यांसारखा दिसतो. दोन दात एकमेकांवर दाबले, की एकाची शिखरे दुसऱ्याच्या शिखरांत अडकतात, तुटतात, वितळून चिकटतात. तेल त्यांच्यामध्ये शिरते आणि दोघांना दूर ठेवते. तेलाचा हा पडदा किती जाड असतो? माणसाच्या डोक्याच्या केसाचे शंभर पदर केले, तर त्यातल्या एका पदराएवढा! तेवढ्यावर सगळा भार पेललेला असतो.

हे ऐकून खरे वाटणार नाही. पूर्वी मोठमोठ्या इंजिनिअरांनाही ठाऊक नव्हते. १८८३ साली इंग्लंडात टॉवर नावाचा एक इंजिनिअर रेल्वेच्या आसासारख्या दांड्यावर प्रयोग करीत होता. दांड्याचा खालचा भाग तेलात बुडालेला होता. वर पितळी बेअरिंग होते आणि त्यावर मोठे ओझे होते. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगला वरून भोक पाडले. दांडा फिरू लागला, तशी त्या भोकातून तेल उलटे वर येऊ लागले. त्याने बूच मारले. बूच उडाले. लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर आली. मग त्याने दाब मोजायचे घड्याळ लावले, तर काटा शेवटच्या आकड्याच्या पुढे गेला. तेव्हा त्याच्या लक्षात आले, की फिरता दांडा तेलाला स्वतःच्या आणि बेअरिंगच्या मध्ये ओढून नेतो आणि ते दाबलेले तेलच सगळे ओझे उचलते. लोखंडाला लोखंड टेकलेलेच नाही! ही तेलाची शक्ती कशी येते, त्याचे गणित रेनॉल्ड्स नावाच्या शास्त्रज्ञाने १८८६ साली मांडले.

याशिवाय तेल आणखी कामे करते. घासण्याने झालेली उष्णता उचलून पेटीच्या भिंतीला देते. झिजलेल्या लोखंडाचा चुरा खाली नेऊन बसवते. आणि गंज धरू देत नाही. कांजूरमार्गसारख्या खाडीकाठच्या खाऱ्या हवेत हे शेवटचे काम काही लहान नाही.

कोणते तेल?

“तेल म्हणजे तेल” असे म्हणणारा माणूस कारखान्यात ठेवू नये, असे मला वाटते. पाणी, गोडे तेल आणि काकवी तिन्ही ओतून पाहा. पाणी झरकन वाहते. काकवी हळूहळू उतरते. यंत्राच्या तेलांतही असाच पातळ-दाटपणा असतो. तो पिंपावर आकड्याने लिहिलेला असतो. ६८ म्हणजे पातळ. ते बहुधा दाबाच्या यंत्रांत, म्हणजे हायड्रॉलिकमध्ये घालतात. गिअरबॉक्सला नेहमी लागणारी तेले २२०, ३२०, ४६० अशी असतात. आकडा मोठा, तेल दाट. हे माप ४० अंश उष्णतेला घेतलेले असते.

पातळ तेल घातले, तर पडदा फाटतो आणि दाताला दात लागतो. फार दाट घातले, तर ते दातांमध्ये नीट शिरत नाही, घुसळले जाते आणि तापते. म्हणून बनवणाऱ्याने जो आकडा सांगितला असेल तोच घ्यायचा. तो आकडा गिअरबॉक्सवरच्या पत्र्याच्या पाटीवर किंवा त्याच्या पुस्तकात असतो. इथे वाचता येणाऱ्या माणसाची गरज लागते. दोन पिंपे शेजारी उभी आहेत. दोन्ही काळी. दोन्हींवर एकाच कंपनीचे चित्र. एकावर ६८, दुसऱ्यावर ३२०. ज्याला आकडा वाचता येत नाही, त्याने काय करायचे?

जड भार पेलणाऱ्या दातांसाठी तेलात गंधक आणि फॉस्फरसची औषधे मिसळलेली असतात. फार दाब आला, की ही औषधे दातावर एक संरक्षक थर धरतात. पण एक सावधगिरी आहे. काही गिअरबॉक्समध्ये स्क्रूसारखा एक दांडा असतो. तो एका पिवळ्या चाकाला फिरवतो. दांड्याला वर्म म्हणतात आणि चाक ब्राँझचे असते. यांतली काही तीव्र औषधे तापल्यावर ब्राँझलाच खातात. तेव्हा अशा पेटीला तिचे वेगळे तेलच लागते.

आणि तेलात तेल मिसळू नये. आज हे, उद्या ते, असे करू नये. काही कृत्रिम तेले साध्या तेलात गेली, की चिकट गाळ होतो. मग पेटी पूर्ण उघडून धुवावी लागते.

किती तेल?

नवा ऑईलमन आणि जुना मिस्त्री यांचे बोलणे पुष्कळदा असे होते.

“मिस्त्री, चार नंबरला तेल पार काठोकाठ भरलं बघा. आता महिनाभर बघायला नको.”

“काठोकाठ? अरे बाबा, मग आधी काढ त्यातलं.”

“काढू? जास्त असलं तर काय बिघडलं? चांगलंच की!”

“ताक घुसळलंस कधी? डेरा गळ्यापर्यंत भरलास तर रवी फिरते का? फेस येतो, उतू जातं, हात भरून येतात. तसंच हे.”

मिस्त्रीचे खरे आहे. बहुतेक साध्या गिअरबॉक्समध्ये खालच्या चाकाचे दात तेलात बुडतात आणि फिरताना तेल सगळीकडे उडवतात. तेल फार झाले, की चाकाला ते घुसळत बसावे लागते. फेस होतो. फेसात हवा असते, आणि हवा ओझे उचलत नाही. पेटी तापते. दांड्याभोवतीच्या रबरी सीलमधून तेल बाहेर येऊ लागते. तेल कमी झाले, तर दात तेलापर्यंत पोचतच नाहीत. वरची बेअरिंगे कोरडी पडतात.

म्हणून पातळी पाहायची ती यंत्र थांबवून. चालू यंत्रात तेल उडालेले असते, त्यामुळे पातळी खोटी दिसते. थांबवल्यावर थोडा वेळ जाऊ द्या. तेल खाली निथळू द्या. मग काचेत किंवा पट्टीवर पाहा. काच काळवंडली असेल, तर आधी पुसा. काच आतून काळी झाली असेल, तर तिच्यावरची जुनी रेघ तेलाची समजून फसगत होते.

गळतीला लोक फार सवकतात. “थेंबच तर आहे” म्हणतात. हिशेब करा. १० सेकंदांना १ थेंब, म्हणजे मिनिटाला ६, तासाला ३६०, दिवसाला ८६४०. एवढ्या थेंबांचे पाव लिटरहून जास्त तेल होते. पेटीत १० लिटर असेल, तर २० दिवसांत निम्मी पेटी रिकामी! शिवाय खाली सांडलेल्या तेलावरून माणूस घसरतो, ते वेगळेच.

तेल हवे, पाणी नको

आपण सहज ‘तेलपाणी’ म्हणतो. पण गिअरबॉक्सला तेलच हवे, पाणी मुळीच नको.

पाणी जाते कुठून? गिअरबॉक्स श्वास घेतो. चालू असताना आतली हवा तापते, फुगते आणि बाहेर जाते. थांबल्यावर ती थंड होते, आकसते, आणि बाहेरची हवा आत येते. यासाठी पेटीच्या माथ्यावर एक लहानशी तोटी असते. तिला ब्रीदर म्हणतात. मुंबईच्या पावसाळ्यात बाहेरची हवा ओली असते. ती आत जाते. रात्री पेटीच्या थंड भिंतीवर तिचे दव होते आणि तळाशी उतरते. रोज थोडे थोडे. असे पाणी मिसळलेले तेल दुधट दिसते. काचेत तेल पांढुरके दिसले, की समजा पाणी शिरले. ते तेल बदलायचे आणि पाणी कुठून आले तेही शोधायचे.

कांजूरमार्गच्या क्रॉम्प्टनच्या कारखान्याने ट्रान्सफॉर्मर केले. गावातल्या विजेच्या डीपीवरही ट्रान्सफॉर्मर असतो. पुष्कळ ट्रान्सफॉर्मरांच्या अंगाला एक बरणी लावलेली दिसते. तिच्यात खडेमीठासारखे खडे असतात. हे खडे आत जाणाऱ्या हवेतला ओलावा शोषून घेतात. एका जातीचे खडे कोरडे असताना निळे असतात आणि ओल प्यायले की गुलाबी होतात. ओल्या जागी गिअरबॉक्सलाही तसा ब्रीदर बसवता येतो. रंग पालटला, की खडे बदलायचे. तसा नसला, तरी साधा ब्रीदर निदान साफ ठेवावा. तो धुळीने बुजला, की आतली हवा कोंडते आणि सीलमधून तेल ढकलते. मग लोक सील बदलतात, पुन्हा बदलतात, आणि गळती काही थांबत नाही. दोष सीलचा नसतो.

इथे रंगाऱ्याविषयी सांगितले पाहिजे. मोठा साहेब येणार म्हटले, की यंत्राला रंग लागतो. रंगारी हौसेने सगळेच रंगवतो. ब्रीदर रंगवतो, तेलाची काच रंगवतो, आणि ज्या पाटीवर तेलाचा आकडा आहे तीही रंगवतो. पेटी सुंदर दिसते, आणि आंधळी, मुकी होऊन श्वासही कोंडून बसते. रंग देण्यापूर्वी या तीन जागांवर कागद चिकटवावा.

धूळही तशीच. पेटीवर धुळीचा आणि तेलाचा जाड थर बसला, की तो गोधडीसारखा ऊब धरतो. उन्हाळ्यात गोधडी पांघरून नांगर धरल्यासारखे होते. आठवड्याने एकदा पेटी पुसावी. पाण्याचा जोरदार फवारा मात्र मारू नये. ते पाणी सीलमधून आत जाते.

तेलाचे पिंप पावसात उभे ठेवू नये. वरच्या खोलगट पत्र्यावर पाणी साचते. ऊनपावसाने पिंपही श्वास घेते आणि बुचाच्या फटीतून ते पाणी ओढून घेते. बूच घट्ट असले तरी! पिंप छपराखाली ठेवावे. छप्परच नसेल, तर आडवे ठेवावे आणि दोन्ही बुचे घड्याळाच्या ९ व ३ या आकड्यांच्या जागी येतील असे करावे. तेल काढायचे भांडे आणि नरसाळे झाकून ठेवावे. एका तेलाचे नरसाळे दुसऱ्याला लावू नये. पुसायला दोरे सुटणारे कॉटन वेस्ट घेऊ नये. तो दोरा आत जातो आणि तेलाच्या वाटेत अडकतो.

२६ जुलै २००५ ला मुंबईत अतोनात पाऊस झाला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर मोजला गेला. असे पाणी भरते, तेव्हा जमिनीजवळची यंत्रे बुडतात. बुडालेला गिअरबॉक्स पाणी ओसरल्यावर तसाच चालू करू नये. आधी तळाचा प्लग काढावा. पाणी जड असते, म्हणून ते पहिल्याने येते. सगळे तेल काढून, आत धुऊन, नवे तेल भरूनच चालू करावा. मोटारही इलेक्ट्रिशियनला दाखवावी.

तेल केव्हा बदलायचे?

नवा गिअरबॉक्स नव्या वहाणेसारखा असतो. प्रथम थोडा चावतो. दातांचे उंचवटे घासून निघतात आणि तो चुरा तेलात येतो. म्हणून पहिले तेल लवकर बदलतात, साधारण २५० ते ५०० तासांत. त्यानंतर साध्या खनिज तेलासाठी पुष्कळ ठिकाणी २५०० तास किंवा ६ महिने, यांतले जे आधी येईल ते, असा नियम धरतात. रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्राचे २५०० तास सुमारे १०४ दिवसांत भरतात. एकाच पाळीचे यंत्र असेल, तर ६ महिने आधी येतात. पुस्तकात वेगळे लिहिले असेल, तर पुस्तकाचे ऐकावे.

तेल कोमट असताना काढावे. गार तेल घट्ट होते आणि गाळ तळाशीच राहतो. फार तापलेले काढले, तर हात भाजतो. पुष्कळ ड्रेन प्लगांना लोहचुंबक असते. प्लग काढला की त्याच्याकडे नीट पाहा. वैद्य नाडी पाहतो, तसे हे आहे. काळसर, मऊ, लोण्यासारखा लेप असेल, तर ती नेहमीची झीज. चमकणारे पापुद्रे, टोकदार कण किंवा दाताचा तुकडा असेल, तर यंत्र चालू करू नये. फिटरला बोलवावे. पिवळे कण असतील, तर ते चुंबकाला चिकटणार नाहीत, तेलात दिसतील. ते ब्राँझचे असतात.

जुने तेल गटारात ओतू नये. कांजूरमार्गचे गटार खाडीला जाते. ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. तिथे २०१५ साली अभयारण्य झाले. शिवाय कोळ्यांची मासळी तिथलीच. जुने तेल वेगळ्या पिंपात भरून, ते शुद्ध करण्याचा परवाना असलेल्याला द्यावे. काही जण ते जनावराच्या जखमेला लावतात. लावू नये. त्यात धातू आणि रसायने असतात. आपल्या कातडीलाही ते चांगले नाही. काम झाले की साबणाने हात धुवावेत आणि तेलकट फडके खिशात ठेवू नये.

रोजची नजर

पेटी किती तापली, हे रोज पाहावे. हात लावून अंदाज येतो, पण तो कच्चा असतो. ६० अंशांच्या वर तापलेल्या लोखंडावर हात ठेववत नाही, आणि कित्येक चांगले गिअरबॉक्स ६० ते ८० अंशांपर्यंत चालतात. तेव्हा तापमापक वापरावा. आता नुसता रोखून आकडा दाखवणारेही मिळतात. एकच आकडा फारसे सांगत नाही. काल ६२ होता आणि भार तेवढाच असताना आज ७५ झाला, तर काही बिघडले आहे. जाणकारांचा ढोबळ हिशेब असा, की तेल १० अंशांनी जास्त तापले, तर त्याचे आयुष्य निम्मे होते.

आवाजही ऐकावा. चांगल्या पेटीचा आवाज जात्याच्या घरघरीसारखा एकसारखा असतो. ठराविक वेळाने टक-टक आली, तर एखादा दात दुखावला आहे. किरकिरीसारखा बारीक आवाज आला, तर बेअरिंग पाहावे. ज्याने रोजचा आवाज ऐकला आहे, त्यालाच वेगळा आवाज कळतो. आई मुलाचे रडणे ओळखते तसे.

आता एक गोष्ट, जी तेलाहून मोठी आहे. चरकात बोटे गेलेली माणसे आपल्या गावात आहेत. चालू दातेरी चाकाजवळ हात, फडके, धोतराचा सोगा, पदर, गमछा काहीही नेऊ नये. १९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्राच्या फिरत्या भागांना पक्के कुंपण घालायला लावले, आणि चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत असे सांगितले. हा नियम माणसांची बोटे आणि जीव गेल्यावर झाला आहे. झाकण काढायचे असेल, तर मोटारीचा मेन स्विच बंद करावा. त्याला कुलूप लावावे. किल्ली आपल्या खिशात ठेवावी. ‘काम चालू आहे’ अशी पाटी टांगावी. मोटार बंद असली, तरी चढावरचा पट्टा मालाच्या वजनाने मागे फिरतो, त्याला आधी अडवावे. “दोन मिनिटांचं तर काम” असे कोणी म्हणाले, तर त्याला दोन मिनिटे थांबायला सांगावे. झाकण परत बसवल्याशिवाय कुलूप काढू नये.

हे सगळे ध्यानात राहत नाही. म्हणून प्रत्येक गिअरबॉक्सजवळ एक कार्ड टांगावे. पहिल्या पाळीच्या माणसाने पाहिलेले दुसऱ्या पाळीच्या माणसाला त्यातूनच कळते. फार लिहावे लागत नाही. एका दिवसाचे लिखाण असे होईल:

‘ता. ३ जुलै. पट्ट्याचा गिअरबॉक्स नं. ४. तेल ३२०. यंत्र बंद करून पाहिले, तेल काचेत निम्म्यावर. तेलाचा रंग साफ. उष्णता ६४, काल ६२. ब्रीदर पुसला. खालच्या सीलपाशी ओल आहे, फिटरला सांगितले. सही.’